स्टेपनी नसलेली गाडी

आमच्या मुलाला परदेशात नोकरी लागली तेव्हा तो आपली मोठी गाडी पुण्याहून घेऊन आला आणि बुलढाण्यात आमच्या दारात उभी करून गेला. "विकू नका, वापरा," एवढं सांगून तो विमानात बसला. गाडी आली म्हटल्यावर गल्ली जमली. आमच्याकडे गाडी बघणं म्हणजे आधी बॉनेट, मग डिकी. समोरच्या काकांनी डिकीतली चटई उचलली, खाली हात घालून चाचपडलं आणि विचारलं, "हिची स्टेपनी कुठं हाये?"

स्टेपनी नव्हतीच. या गाडीला रन-फ्लॅट टायर आहेत, असं मुलानं जायच्या आधी सांगितलं होतं. त्या टायरच्या बाजू इतक्या जाड आणि ताठ असतात, की आतली हवा गेली तरी टायर जमिनीवर बसत नाही. वेग कमी ठेवला तर गाडी तशीच पुढच्या गावापर्यंत जाते. म्हणून कंपनी जादा चाक देतच नाही. मी हे सगळं काकांना जसंच्या तसं सांगितलं. मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं आहे, मला समजावून सांगता येतं. काकांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पन स्टेपनी तं पाह्यजेच ना."

हवा जाते आणि टायर बसत नाही, ही गोष्ट आमच्या गल्लीत कोणालाच पटली नाही. आमच्या ह्यांना तर मुळीच नाही. हे कोर्टातून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांचे युक्तिवाद लिहून घेतले, आता स्वतःचे करतात. त्यांच्या मते टायरची हवा बघायची रीत एकच. उकिडवं बसायचं, टायर जमिनीला टेकतो तिथं त्याचं पोट किती सुटलंय ते बघायचं आणि उठून एक लाथ मारायची. आवाजावरून कळतं म्हणे. मला त्या आवाजातून कधी काही कळलं नाही, पण लग्नानंतर काही वर्षांत मी विचारणं सोडून दिलं होतं.

त्यांची आणखी एक रीत होती, आणि ती त्यांच्या एकट्याची नव्हती. बुलढाणा वर डोंगरावर, मोताळा-मलकापूरकडचा मुलूख खाली. मध्ये राजूरचा घाट. होळी जवळ आली की खालचं ऊन वेगळंच लागतं. म्हणून आमच्या जुन्या गाडीवाल्यांची पद्धत अशी, की घाट उतरला की सावली बघून थांबायचं आणि चारही टायरची थोडी थोडी हवा काढायची. तापलेला टायर फुटू नये म्हणून. परत वर आलं की पुन्हा भरायची. हे पूर्वीपासून असं करत आणि पाहुणा खालून वर आला, की हवा भरली का म्हणून त्याला चहाआधी विचारत.

आता माझ्या बहिणीकडे येते, कारण खरं प्रकरण तिचंच आहे.

माझी मोठी बहीण धामणगाव बढ्याला असते. भाऊजी अजून मिरची-वांगी लावतात, मुलगा नाशिकला. बहिणीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. भाजीत मीठ दोनदा पडायला लागलं, ओसरीच्या पायरीवर ठेच लागायला लागली, तरी ऑपरेशनचं नाव काढलं की ती विषय बदलायची. कधी उन्हाळा आहे, कधी मिरची तोडायची आहे, कधी एसटीत उलटी होते. मी बुलढाण्याच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवले. त्यांनी स्पष्ट सांगितलं, की उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू फार पिकलाय, आणखी थांबलात तर अवघड होईल.

संक्रांतीला मी एसटीनं तिच्याकडे गेले होते. हळदीकुंकवाला अर्धं गाव जमलं होतं. तिथं मी सगळ्यांसमोर तिला धरलं. तिनं जरा विचार केला आणि सगळ्यांसमोरच अट घातली. "तू एकटी गाडी चालवत ये मले न्यायले. मंग येतो मी."

बाया हसल्या. बहिणीचा हिशोब पक्का होता. माझ्याकडे लायसन्स होतं, पण मी गाडी चालवली ती बँकेपर्यंत आणि बाजारापर्यंत. घाट मी गाडी घेऊन कधी उतरले नव्हते, आणि आमचे हे किल्ली हातात देतील असं तिला सात जन्मांत वाटलं नव्हतं. मला राग आला. राग आला की मी लगेच हो म्हणते. मी हो म्हटलं.

घरी येऊन सांगितलं तर ह्यांनी चष्मा काढून ठेवला. त्या दिवसांत त्यांना गाडी चालवायला बंदी होती. गच्चीवरची तुळशीची कुंडी उचलताना कंबर धरली होती आणि डॉक्टरांनी वाकू नका, उचलू नका, लांब बसून जाऊ नका असं बजावलं होतं. तरी आक्षेप घ्यायला कंबर लागत नाही. "घाटात टायर बसला तर काय करशील? चाक कोण बदलेल?"

"या गाडीला बदलायचं चाकच नाही," मी म्हटलं. "टायर बसतही नाही."

"ते टायर झिजलेत. बाजूनं चिराही दिसतात. आता त्यांचं काही सांगता येत नाही."

हे मात्र खरं होतं. म्हणून आम्ही दोघं टायरच्या दुकानात गेलो. दुकानदारानं दोन्ही बाजू मांडल्या. साधे टायर लावले तर ते मऊ चालतील, स्वस्त पडतील, कुठल्याही गावात पंक्चर निघेल. पण मग स्टेपनी आणि जॅक डिकीत टाकून फिरावं लागेल, कारण त्यांची जागाच गाडीत केलेली नाही. रन-फ्लॅट घेतले तर ते महाग, बाहेरून मागवायला लागतील, खड्ड्यात जरा हाडं वाजतील आणि हवा गेल्यावर फार चालवले तर दुरुस्त होतीलच असं नाही. चारही एकाच जातीचे हवेत, दोन हे आणि दोन ते असं चालत नाही. आणि ज्या गाडीत हवा दाखवणारी सोय असते तिथंच ते लावावेत, कारण त्यांची हवा गेलेली डोळ्याला दिसत नाही. आमच्या गाडीत ती सोय होती. समोरच्या पडद्यावर चारही चाकांचे आकडे येत.

हे म्हणाले, "साधेच बरे. स्टेपनी टाकू डिकीत."

मी विचारलं, "आणि घाटात ती स्टेपनी डिकीतून कोण काढेल? तुम्ही की मी?"

ह्यांचा हात नकळत कमरेवर गेला. दुकानदार शहाणा, तो कॅलेंडरकडे बघत राहिला. रन-फ्लॅट मागवले.

टायर लागले त्या दिवसापासून आमच्या घरात हवेचं प्रकरण सुरू झालं. हे भिंग घेऊन टायरच्या बाजूवरची बारीक अक्षरं वाचायला बसले आणि तिथला आकडा सापडल्यावर म्हणाले, "हे बघ, कंपनीनंच छापलंय. एवढी भरायची." मी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला कागद दाखवला. त्यावर आकडा कमी होता. दोघं बसले तर तेहेतीस, गाडी भरलेली असेल तर मागच्या चाकांना थोडी जास्त.

"मग टायरवर जास्त कशाला लिहिलंय?"

"ती शेवटची हद्द आहे. कायद्यात जास्तीत जास्त शिक्षा लिहिलेली असते, म्हणून न्यायाधीश प्रत्येकाला तीच देतात का?"

ह्यांनी भिंग खाली ठेवलं. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना त्यांच्याच भाषेत गप्प केलं असे प्रसंग थोडे, आणि हा मला फार आवडतो.

मग हवा कधी मोजायची यावरून एक दिवस गेला. हवा टायर थंड असताना मोजायची, सकाळी गाडी हलवायच्या आधी. चालून आलेल्या टायरची हवा तापून फुगलेली असते, ती बघून कमी केली तर गार झाल्यावर टायर उपाशी राहतो. हे त्यांना लगेच पटलं नाही, कारण घाटाखाली हवा काढायची त्यांची सगळी रीतच त्यात निकालात निघत होती. शेवटी मी त्यांचं रक्तदाबाचं यंत्र पुढे आणून ठेवलं. ते रोज उठल्या उठल्या, चहाआधी रक्तदाब मोजतात. जिना चढून आल्यावर मोजलेला धरत नाहीत. "हो, हे बाकी बरोबर," ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून सकाळी त्यांचा रक्तदाब मी मोजायचा आणि टायरचा त्यांनी, असं ठरलं. त्यांनी त्यासाठी एक छोटं मीटरही आणलं. वाकायला बंदी असल्यामुळे ते स्टुलावर बसून मोजत. रस्त्यानं जाणारे थांबून बघत, पण ह्यांना त्याचं काही वाटत नसे.

तारीख मिळाली. ऑपरेशन सकाळी, अकराच्या आत पोहोचायचं. मी आदल्या दिवशी दुपारी निघाले. ह्यांनी चारही आकडे मोठ्यानं वाचून दाखवले, दोनदा. किल्ली हातात देताना त्यांनी ती जरा जास्त वेळ धरून ठेवली, एवढंच. घाटात पहिल्या वळणाला मी तीनदा हॉर्न वाजवला. तिसऱ्या-चौथ्या वळणाला मागून एक ट्रक आला आणि पुढे निघून गेला, आणि काही झालं नाही. मग मी गाणं म्हणायला सुरुवात केली. मला गाता येत नाही, पण ऐकायला कोणी नव्हतं.

धामणगावात शिरले तेव्हा बहीण ओट्यावर बसली होती. तिला गाडी दिसली नसावी, आवाज आला. "कोन हाये?" ती म्हणाली.

"मी."

"आनखी कोन?"

"कोणी नाही. एकटी आहे."

तिनं उठून हातानं गाडी चाचपली. मग म्हणाली, "माय व! आलीच का खरंच?" तिच्या आवाजात कौतुक होतं आणि भीतीही होती, आणि मला दोन्ही ऐकून बरं वाटलं. तिनं रात्री पुरणपोळी केली. तिच्या सगळ्या सबबी आता संपल्या होत्या आणि तेही तिला कळत होतं, कारण ती जेवताना एकदाही भांडली नाही.

सकाळी लवकर उठून आवरलं. बहिणीला पुढच्या सीटवर बसवलं, तिचा पट्टा लावला, गाडी सुरू केली. गल्लीच्या टोकापर्यंत जातो न जातो तोच पडद्यावर पिवळा दिवा पेटला आणि चारही चाकांचे आकडे लाल झाले. चारही जवळपास निम्म्यावर. मी गाडी थांबवून खाली उतरले. चारही टायर ताठ उभे, कुठं पोट नाही, कुठं खिळा नाही. एक टायर पंक्चर होतो, फार तर दोन होतात. चार चाकांची हवा एका रात्रीत, सारखी सारखी कशी जाईल, हे माझ्या डोक्यात शिरेना.

तेवढ्यात भाऊजी मागून चालत आले. पंच्याहत्तरीचा माणूस, धोतर-टोपी, अतिशय मायाळू.

"काय झालं बाई?"

"हवा गेली, भाऊजी. चारही चाकांची."

"गेली नाई," ते समाधानानं म्हणाले. "मीच काढली. काल तुमी चहा घेत होत्या ना, तवा. गाडी घाट उतरून आली, टायर तापेल होते. म्हटलं बाई एकट्या आल्या, त्याईले कोन सांगन?" मग त्यांच्या कपाळावर आठी आली. "पन लई चिवट टायर हाये हे. मी काढून राह्यलो, काढून राह्यलो, पन पोटच दिसेना. चारही चाकं करता करता बोट दुखाले लागलं, मंग सोडून देल्लं."

मला रागवायचं होतं. पण हा माणूस, मी चहा पीत असताना, म्हातारं बोट व्हॉल्व्हवर दाबून चारही चाकांशी उकिडवा बसला होता, माझा टायर वाटेत फुटू नये म्हणून. त्याच्यावर कोण रागावणार? मी फक्त म्हटलं, "या टायरला पोट सुटत नाही भाऊजी." ते म्हणाले, "असं कसं?"

स्टँडवरच्या पंक्चरवाल्याकडे गेलो तर गावात लाइट नव्हती. कधी येईल ते त्यालाही माहीत नव्हतं. आणि इथं माझ्या बहिणीचा चेहरा उजळला. मी आल्यापासून ती इतकी खूश दिसली नव्हती.

"जाऊ दे व," ती म्हणाली. "देवाच्या मनात नाई. तू आली, तुह्या शब्दाले तू जागली. आता गाडीच बसली त त्याले कोन काय करन? दिवाईनंतर पाहू."

दिवाळीनंतर म्हणजे कधीच नाही. तिला माहीत होतं आणि मला माहीत होतं. आज ही गाडीतून उतरली, की पुन्हा कोणाच्या बापानं सांगितलं तरी चढायची नाही, आणि तो उजवा डोळा जाईल. मी ह्यांना फोन लावला. सगळं ऐकून ते म्हणाले, "हलू नको. मी इकडून कोणाला तरी दुसरी गाडी घेऊन पाठवतो."

"तोपर्यंत दुपार होईल. ऑपरेशन आज गेलं म्हणजे गेलं."

"मग करणार काय?"

"हे टायर आपण कशासाठी घेतले?"

मग ते म्हणाले, "चाळीसच्या वर जाऊ नको. खड्डा दिसला की थांबल्यासारखीच हो. मोताळ्याच्या पंपावर हवा मिळेल." आणि जरा थांबून, "मी दवाखान्यात जाऊन बसतो. डॉक्टरांना थांबवतो."

धामणगाव ते मोताळा हा रस्ता मी जन्मभर पाहिला आहे, पण इतका सावकाश कधीच नाही. सायकली आम्हाला मागे टाकून गेल्या. एका बैलगाडीच्या मागे आम्ही बराच वेळ राहिलो, पुढे जायची मला हिंमत होईना. बहीण खिडकीतून मान बाहेर काढून टायर बघायचा प्रयत्न करत होती. दिसत काही नव्हतं, तरी दर थोड्या वेळानं जाहीर करत होती. "बसला वाटते." "आता बसला." "आवाज आला, आइकला का तू?" तो आवाज तिच्याच पिशवीतल्या डब्याचा होता. शेवटी मी चिडून म्हटलं, "तू टायर बघते आहेस कुठल्या डोळ्यानं?" ती जी हसली, ती हसत राहिली, आणि मग मलाही आवरेना. गाडी चाळिशीच्या खाली आणि आम्ही दोन म्हाताऱ्या पोट धरून हसतोय, असं आम्हाला त्या बैलगाडीवाल्यानं पाहिलं.

मोताळ्याच्या पंपावर लाइट होती. शेजारी उभ्या जीपवाल्यानं आमच्या मागच्या चाकाला लाथ मारली आणि म्हणाला, "मावशी, हवा त टाइट हाये, काऊन भरता?" मी त्याला पडद्यावरचे आकडे दाखवले. त्यानं पुन्हा लाथ मारली. त्याचा विश्वास पायावर जास्त होता. टायर चालून गरम झाले होते, म्हणून दारावरच्या आकड्यापेक्षा मी दोन-तीन जास्त भरायला सांगितली. दिवा विझला. घाट चढताना बहीण गप्प होती. पण आता ती घाबरून गप्प आहे, पळवाट शोधत नाही, हे मला कळत होतं. मी एक हात तिच्या हातावर ठेवला, मग वळण आलं म्हणून काढून घेतला.

ऑपरेशन झालं. दुकानदारानं टायर उतरवून आतून-बाहेरून तपासले. हळू आणले म्हणून वाचलेत, म्हणाला. ह्यांनी ही गोष्ट गल्लीत सांगितली तेव्हा त्यात चाळीसचा सल्ला देणारे तेच मुख्य होते. मी दुरुस्ती केली नाही. डॉक्टरांना खरोखर त्यांनी थांबवून ठेवलं होतं, तेवढा हक्क त्यांना आहे.

बहीण आठवडाभर आमच्याकडे राहिली. मग मी तिला पोहोचवायला निघाले, पुन्हा आम्ही दोघीच. काळा चष्मा नाकावर, थेंब पिशवीत. घाट उतरून सरळ रस्ता लागल्यावर तिनं चष्मा काढला आणि माझ्याकडे बघत बसली. इतका वेळ बघत बसली, की मी विचारलं, "काय झालं?"

"तुहे केस एवढे पांढरे कधी झाले व?"

"दहा-बारा वर्षं झाली."

"मले त कायेच दिसत होते." तिनं हातानं उजवा डोळा झाकला आणि डाव्यानं माझ्याकडे बघितलं. मग डावा झाकून उजव्यानं. असं दोन-तीनदा केलं. मग सीटला टेकून म्हणाली, "हा दुसरा डोया राहू दे आता. याच्यानं तू अजून लग्नाआधीसारखीच दिसते."

मला पुढचा रस्ता जरा अंधुक दिसायला लागला. मी गाडी आणखी हळू केली आणि तिला सांगितलं, की डाव्या डोळ्याची तारीख मी घेऊन ठेवली आहे.